देठ खावा, पान टाकावे

जुन्या घरांतल्या औषधांच्या बटव्यात रेवाचिनीचे मूळ असे. पोट साफ होण्यासाठी ते उगाळून देत. या रेवाचिनीची एक चुलत बहीण विलायतेत औषधाचा बटवा सोडून स्वयंपाकघरात नांदते आहे. तिचे नाव रूबार्ब.

माझी धाकटी बहीण लीड्सला असते. लीड्स, ब्रॅडफर्ड आणि वेकफील्ड यांमधला टापू रूबार्बसाठी प्रसिद्ध आहे. तेथे ऐन हिवाळ्यात ते अंधाऱ्या शेडमध्ये वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात काढतात. कारण उजेडाने देठाचा कोवळेपणा जातो. अशा या लाडावलेल्या देठांचे कॉम्पोट मी बहिणीकडे चाखले. मेथांब्यातून मेथी वगळावी, तशी काहीशी चव!

कृती अगदी सोपी. अर्धा किलो देठांचे पेराएवढे तुकडे, शंभरेक ग्रॅम साखर आणि दोन चमचे पाणी मंद आचेवर दहा मिनिटे ठेवले की झाले. भांडे मात्र स्टेनलेस स्टीलचे हवे. आंबटामुळे अॅल्युमिनियम किंवा पितळ चालत नाही.

शंभर ग्रॅम कच्च्या देठांत जेमतेम एकवीस कॅलरी असतात. पुढची सारी भर साखरेची. कॅल्शियम कागदावर बरेच दिसते, पण ते ऑक्झॅलेटशी बांधलेले असल्याने शरीराला फारसे लाभत नाही. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी या वाटेला न जाणेच बरे.

आता गृहिणींसाठी महत्त्वाचे. रूबार्बचे पान अळूसारखे रुंद व मोहक असते. बहिणीने पहिल्या वर्षी ती पाने वड्यांसाठी जपून ठेवली होती; शेजारच्या आजीबाईंनी वेळीच फेकायला लावली. अळूची खाज शिजवून, चिंच घालून आपण आटोक्यात आणतो. रूबार्बच्या पानातले ऑक्झॅलिक आम्ल शिजवून नाहीसे होत नाही. पहिल्या महायुद्धात अन्नटंचाईमुळे ब्रिटनमध्ये ही पाने भाजी म्हणून खाण्याचा सल्ला दिला गेला. लोकांना विषबाधा झाली, तेव्हा तो मागे घ्यावा लागला.

इंग्रज कॉम्पोटावर कस्टर्ड ओततात. तेही शहाणपणाचेच, दुधातले कॅल्शियम काही ऑक्झॅलेट पोटातच धरून ठेवते. सकाळच्या ओटच्या लापशीतही ते छान लागते. मेहुणे मात्र पोळीशी खातात, आणि तळाशी उरलेल्या गुलाबी रसात थंड पाणी व चिमूटभर मीठ घालून त्याचे सरबत करतात.