बिब्बा, करंज आणि गोव्याची पावडर

अंगाला खाज सुटली, लाल चट्टा उठला, की आपल्या वऱ्हाडात डॉक्टरच्या आधी झाडपाला आठवतो. कुणी करंजाचे तेल सांगतो, कुणी कडुनिंबाचा पाला, कुणी हळदीचा लेप. वाशीम जिल्ह्यातले कारंजा तर करंजाचेच नाव मिरवते. आख्यायिका ते करंज ऋषींपर्यंत नेते. या औषधांना मी हसणार नाही. पण 'झाडाचे आहे, अपाय होणार नाही' हे वाक्य माझ्या दवाखान्यात रोज ऐकू येते, आणि ते खरे नाही.

पुरावा घरातच आहे. बिब्ब्याच्या आतली गोडंबी आपण हौसेने लाडवात घालतो, पण त्याच्या टरफलातले काळे तेल कातडीला लागले की बिब्बा उततो. काटा मोडला, टाच भेगाळली की बिब्ब्याचा चटका देण्याची आपल्याकडे जुनी रीत. एकाला काहीच होत नाही, दुसऱ्याला दोन दिवसांनी फोड येतात, चेहरा सुजतो. हे नुसते भाजणे नव्हे, ती अ‍ॅलर्जी असते. तेलातली द्रव्ये कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात आणि शरीर त्यांना शत्रू समजते. पहिल्या वेळी गप्प बसलेले शरीर पुढच्या वेळी उसळू शकते. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. म्हणून बिब्बा उतणाऱ्याने कैरीचा चीक आणि काजूच्या टरफलाचे तेल यांपासूनही जपून राहावे. 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार उगाच पडलेला नाही!

आता हळद. रिसोडकडे तिचे मळे आहेत. तिच्यातले कर्क्युमिन दाह कमी करते, पण शंभर ग्रॅम हळदीत ते साधारण तीनच ग्रॅम असते आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. अर्क काढायचा म्हणजे अल्कोहोलसारख्या द्रावणाने नेमके ते द्रव्य वेगळे करून मोजायचे. हळदीने जखम भरण्यावर अमेरिकेत 1995 साली दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने आव्हान देऊन 1997 साली रद्द करविले. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्या लढाईत आपले ज्ञान जुने आहे एवढे ठरले. इसबावर हळद किती आणि किती दिवस लावायची, हे नाही.

ते कसे ठरते, याची गोष्ट गोव्याच्या नावावर आहे. ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातली पिवळी भुकटी पोर्तुगीजांबरोबर इकडे आली आणि गजकर्णावर 'गोवा पावडर' म्हणून विकली जाऊ लागली. एकोणिसाव्या शतकात लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मानो स्क्वायर यांनी ती सोरायसिसवर वापरली. पुढे तिच्यातले क्रायसारोबिन वेगळे काढले गेले, आणि पहिल्या महायुद्धात ते मिळेनासे झाल्यावर जर्मनीत 1916 साली त्याच्या जवळचे डिथ्रॅनॉल कृत्रिमरीत्या तयार झाले. सोरायसिसवर ते आजही वापरतात. मात्र भोवतालच्या निरोगी कातडीला ते जाळते, कपड्यांना डाग पाडते. म्हणून अल्प प्रमाणात, घड्याळ लावून, ठरल्या वेळी पुसून टाकायचे.

करंजाच्या तेलाचे असे मोजमाप अजून पुरते झालेले नाही. प्रयोगशाळेत ते बुरशी रोखते, दाहही कमी करते. माणसांवरच्या मोठ्या चाचण्या मात्र थोड्याच. त्यात आपण इसब, गजकर्ण आणि खरूज यांना एकाच मलमाने चोपडतो. इसब हा दाह, गजकर्ण बुरशीचे, खरूज किड्यांची! तिन्हींना एक औषध कसे पुरेल?

मला खरी भीती वाटते ती बिननावाच्या 'हर्बल' डबीची. दोन दिवसांत खाज थांबली की लोक खूश होतात. अशा काही मलमांत चोरून स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. त्याने लाली दबते, पण बुरशी आत फोफावते आणि कातडी पातळ होते. तान्ह्या बाळाच्या लंगोटाखाली तर ते अधिकच शोषले जाते. चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड मलमे विकू नयेत म्हणून सरकारने 2018 साली नियम कडक केले, पण आठवडी बाजारातल्या डबीवर चिठ्ठी कोण मागणार?

नवे तेल वा लेप लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून दोन-तीन दिवस पाहावे. चिघळलेल्या जागी, डोळ्यांजवळ आणि लहान मुलांना घरचे प्रयोग नकोत. आणि डॉक्टरकडे येताना आधी लावलेली डबी धुऊन टाकू नका, सोबत आणा.