चोपन्न नंबरची सायकल नेमकी केवढी?

रोड बाइकच्या फ्रेमवर '५४' असा आकडा दिसला, तर मेजपट्टी काढून त्या सायकलीवर ५४ सेंटिमीटर कुठे भरतात ते एकदा शोधून बघा. बहुतेक वेळा कुठेच भरत नाहीत. सीटखालची नळी ४८ किंवा ५० भरते, वरची तिरकी नळी ५३ च्या आसपास, हँडलखालची बुटकी नळी जेमतेम १४-१५. दुसऱ्या कंपनीची ५४ घेतली की हे सगळे आकडे पुन्हा वेगळे. तिसरी कंपनी त्याच मापाला 'मीडियम' म्हणते आणि चौथी 'स्मॉल'. दुकानात मात्र पहिला प्रश्न ठरलेला: उंची किती? मग भिंतीवरच्या तक्त्यावरून बोट फिरतं आणि दीड-दोन लाखांच्या वस्तूचा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो.

एके काळी हा आकडा खरा होता. वरचा दांडा जमिनीला समांतर असायचा, आणि पायडलचा दांडा म्हणजे क्रँक ज्या आसाभोवती फिरतो त्या आसाच्या मध्यापासून सीटखालच्या नळीच्या माथ्यापर्यंतची लांबी म्हणजे फ्रेमचं माप. आपल्याकडच्या काळ्या सायकलींची 'बावीस इंची' आणि 'चोवीस इंची' ही मापं याच नळीची. चाकं दोन्हींची सारखीच. चोवीस इंची उंच माणसांची. घरात तेवढीच सायकल असली की पोरं मधल्या दांड्याखालून पाय घालून ती चालवत. दांडा आडवा असल्यामुळे सीटची नळी वाढली की हँडलची उंची वाढे, बहुधा पुढची लांबीही वाढे. त्यामुळे एका नळीवरून अख्ख्या सायकलीचा अंदाज येई. इटलीतले कारागीर तर एकेका सेंटिमीटरच्या फरकाने फ्रेम बनवत आणि गिऱ्हाइकाच्या अंगाचं माप घेऊनच नळ्या कापत.

माप नळीचं असल्यामुळे सगळं शास्त्रही पायांभोवतीच जमलं. १९६७ साली हॅम्ले आणि थॉमस या ब्रिटिश संशोधकांनी दाखवलं, की थोड्या वेळात जास्तीत जास्त जोर काढायचा असेल तर सीटचा माथा आणि खाली गेलेलं पायडल यांतलं अंतर पायाच्या आतल्या लांबीच्या १०९ टक्के असावं. पुढे फ्रान्सचे प्रशिक्षक सिरिल गिमार यांचा गुणक त्यांचा शिष्य ग्रेग लेमाँड याच्या नावाने जगभर गेला: आतली लांबी गुणिले ०.८८३, म्हणजे क्रँकच्या आसापासून सीटपर्यंतची उंची. दोन्ही हिशेब ताडून बघू. पायाची आतली लांबी ८० सेंटिमीटर धरली, तर लेमाँडच्या सूत्राने ७०.६ येतात. हॅम्ले-थॉमसचे ८७.२ येतात, त्यातून १७ सेंटिमीटरचा क्रँक वजा केला की ७०.२. वेगवेगळ्या वाटांनी येऊन दोघं चार मिलिमीटरच्या अंतरावर थांबतात. आजकाल डॉक्टर आणि बाइक फिटर गुडघ्याचा कोन मोजतात. पायडल खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला हवा. त्याहून कमी वाकला तर कंबर डावी-उजवी डुलते, जास्त वाकला तर वाटीच्या मागे दाब येतो.

आतली लांबी मोजायला दुकान लागत नाही. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांत धरून सीटइतक्या दाबाने वर घ्यायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपाशी भिंतीवर पेन्सिलीची खूण करायची. फरशीपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे आतली लांबी. बरेच जण पँटचं माप सांगून मोकळे होतात. ते नेहमी कमी असतं.

पण एवढं करूनही फ्रेमचा प्रश्न सुटत नाही. आपण मोजलं ते सीटच्या उंचीसाठी, आणि सीट तर वरखाली होते. बेल्जियमचा शर्यतपटू एडी मर्क्स १९६९ मध्ये ब्लुआच्या वेलोड्रोमवर पडला, कंबरेला मार बसला, आणि त्यानंतर तो धावत्या शर्यतीत खिशातल्या पान्याने सीटची उंची बदलत असे. जी गोष्ट चालत्या सायकलीवर बदलता येते, तिच्यावरून न बदलणाऱ्या फ्रेमचं माप ठरवणं मला तरी उलटं वाटतं. पँटची उंची शिंपी पाच मिनिटांत कमी-जास्त करतो. सदरा खांद्यात चुकला तर त्याच्याही हातात काही उरत नाही.

आकड्याचा उरलासुरला अर्थ गेला तो माइक बरोज या इंग्लिश अभियंत्यामुळे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमनने जिच्यावर सुवर्णपदक मिळवलं, ती 'लोटस' सायकल बरोज यांच्याच डोक्यातून आलेली. नंतर तैवानच्या 'जायंट' कंपनीसाठी त्यांनी वरचा दांडा मागे उतरता केला. त्रिकोण लहान झाला, म्हणून फ्रेम हलकी आणि ताठ. सीटचा खांब लांब बाहेर काढायचा आणि हँडल धरून ठेवणारा पुढचा स्टेम हवा तसा बदलायचा. म्हणजे दहा-बारा मापांऐवजी तीन मापांत जग बसवता येतं. १९९८ च्या सुमारास स्पेनच्या 'ओन्से' संघाने या 'टीसीआर' सायकली शर्यतीत उतरवल्या आणि पाहता पाहता सगळ्याच कंपन्या तिरक्या दांड्यावर आल्या. त्यात गोदामाचा खर्च वाचत होता, हेही त्यामागचं कारण होतंच. सीटची नळी आता कितीही आखूड ठेवता येते, म्हणून फ्रेमवरचा ५४ हा 'जुन्या काळी ही ५४ झाली असती' एवढंच सांगणारा अंदाज उरला.

मग मोजायचं काय? अमेरिकेतले ट्रायथलॉन सायकलींचे जाणकार डॅन एम्पफील्ड यांनी या शतकाच्या सुरुवातीला दोन मापांचा आग्रह धरला आणि 'सर्वेलो'सारख्या कंपन्यांनी ती आपल्या तक्त्यांत छापायला घेतली. क्रँकच्या आसाच्या मध्यावरून सरळ वर जायचं, हँडलखालच्या नळीच्या माथ्याच्या पातळीपर्यंत. ती उंची म्हणजे स्टॅक. तिथून आडवं पुढे त्या नळीच्या माथ्याच्या मध्यापर्यंत जायचं. ते अंतर म्हणजे रीच. सीट कितीही हलवा, स्टेम कोणताही लावा, ही दोन मापं हलत नाहीत, कारण ती फ्रेमच्याच दोन ठिकाणांमधली आहेत. एक ठिकाण पायांचं, दुसरं हातांचं.

हे आकडे नुसते शेजारी मांडून चालत नाही, आणि इथे सराईत लोकही फसतात. एका फ्रेमचा स्टॅक ५४० मिलिमीटर आणि रीच ३८५, दुसरीचा स्टॅक ५७० आणि रीच ३८०. लांब कोणती? रीच वाचून पहिली म्हणाल. पण हँडलखालची नळी जमिनीशी साधारण ७३ अंशांचा कोन करून मागे कललेली असते. पहिल्या फ्रेमचं हँडल दुसरीच्या उंचीला आणायचं तर ३० मिलिमीटर वर न्यावं लागेल, आणि वर जाताना ते त्या कलावरून ९ मिलिमीटर मागेही येईल. उरले ३७६. म्हणजे एकाच उंचीवर तुलना केली तर ३८० वाली दुसरी फ्रेमच चार मिलिमीटर लांब. ढोबळ नियम असा, की स्टॅकमधल्या प्रत्येक १० मिलिमीटरमागे रीचमध्ये ३ धरायचे आणि मगच दोन सायकली ताडायच्या.

मध्यम मापात शर्यतीच्या सायकलीचा स्टॅक साधारण ५४० च्या आसपास असतो, लांब पल्ल्याच्या सायकलीचा ५७० च्या. शर्यतवाल्यांना वाकायला हवं असतं, कारण ताशी ४० किलोमीटरला बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते आणि त्या हवेला अडणारा मोठा भाग सायकल नसून स्वार असतो. मात्र रविवारी सकाळी लोणावळा गाठणाऱ्याला, किंवा साडेतेरा तासांत 'बीआरएम'ची २०० किलोमीटरची ठरावीक वेळेची फेरी पुरी करणाऱ्याला, तीन सेंटिमीटर उंच हँडलच्या बदल्यात मिळणारी मान आणि पाठ जास्त मोलाची. दुकानातल्या पाच मिनिटांच्या फेरीत हा फरक कळत नाही. तिसऱ्या तासाला कळतो.

उंची सारखी असली तरी शरीरं सारखी नसतात. १७० सेंटिमीटरच्या दोन माणसांपैकी एकाच्या पायाची आतली लांबी ७६ असते, दुसऱ्याची ८२. लेमाँडच्या सूत्राने एकाची सीट ६७.१ वर, दुसऱ्याची ७२.४ वर. ज्याचे पाय आखूड त्याचं धड लांब. त्याला कमी स्टॅक आणि जास्त रीच चालतो. लांब पायांच्या माणसाची सीट पाच सेंटिमीटर वर जाते, म्हणून तेच हँडल त्याला पाच सेंटिमीटर खाली वाटतं, वर धड आखूड. भिंतीवरचा तक्ता दोघांनाही एकच फ्रेम देतो.

रीच जास्त झाला की माणूस कोपर ताठ करून हँडलला लटकतो. खांदे कानांकडे जातात, रस्त्याचा प्रत्येक हादरा सरळ मानेत. तळहाताच्या कडेवर भार येऊन तिथून जाणारी नस दाबली गेली की करंगळी आणि अनामिका बधिर होतात; सायकलवाल्यांना हे दुखणं चांगलं ओळखीचं आहे. दिवसभर खुर्चीत बसून मांडीमागचे स्नायू आखडलेल्या माणसाची कंबर पुढे कलत नाही, म्हणून तो पाठीचा पोक काढून हँडल गाठतो. अशा माणसाने व्यावसायिक स्वारासारखी सायकल घेतली तर पैशाची हौस फिटते, पाठ मात्र फिटत नाही.

दोन मापांच्या मधोमध अडकलात तर 'लहान घ्या, स्टेम लांब लावू' हा सल्ला सर्रास मिळतो. अंग लवचीक असेल तर तो ठीक. पण लहान फ्रेमचा स्टॅकही कमी असतो हे सांगायचं राहून जातं. लहान फ्रेमवर रीच स्टेमने भरून निघतो, उंची मात्र मर्यादेतच वाढवता येते. सहा अंशांचा १०० मिलिमीटरचा स्टेम उलटा बसवला तर हँडल सुमारे दोन सेंटिमीटर वर येतं. खाली घालायच्या चकत्यांनाही सीमा आहे, विशेषतः कार्बनच्या फोर्कवर. म्हणून नव्या सायकलीच्या फोर्कची वरची नळी पहिल्याच दिवशी दुकानदाराला कापू देऊ नये. महिनाभर चालवावी, मग बघावं. कापलेली नळी पुन्हा वाढत नाही. आणि हल्लीच्या ज्या सायकलींत ब्रेकच्या नळ्या स्टेममधून आत जातात, तिथे स्टेम बदलणं हे अर्ध्या दिवसाचं आणि बऱ्याच पैशांचं काम होऊन बसलं आहे. अशा सायकलीला माप चुकवण्याची मुभाच कमी.

सगळ्यात जास्त ओढाताण होते ती ठेंगण्या माणसांची, आणि हा प्रश्न आपला आहे. भारतीय पुरुषाची सरासरी उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास, स्त्रीची १५२ च्या. फ्रेम लहान होते, पण चाक होत नाही. रोड बाइकच्या नेहमीच्या ७००सी चाकाची टायरसकट त्रिज्या सुमारे ३४ सेंटिमीटर, मग स्वार पाच फुटांचा असो वा सहा. क्रँक आणि पुढचं चाक यांतलं अंतर कमी केलं तर हळू वळताना बुटाचं टोक टायरला लागतं. ते टाळायला कंपन्या हँडलची नळी मागे कलवतात, त्याने सायकल वळायला जड होते. पण रीच फारसा कमी होत नाही तो नाहीच. वरच्या आडव्या अंतराचा आकडा मात्र लहान दिसतो, कारण सीटची नळी उभी केलेली असते. ३७० रीच आणि ५०० स्टॅकच्या फ्रेमची सीटनळी ७३ अंशांत असेल तर ते अंतर ५२.३ सेंटिमीटर येतं. ७५ अंशांत उभी केली की तेच ५०.४. कागदावर दोन सेंटिमीटर वाचले, हँडल होतं तिथेच आहे. मग बाई सीट मागे सरकवते आणि वाचलेले दोन सेंटिमीटर परत येतात.

यावर प्रामाणिक उपाय एकच, चाक लहान करणं. अमेरिकन अभियंत्या जॉर्जीना टेरी यांनी १९८५ मध्ये कंपनी काढून स्त्रियांसाठी पुढे २४ इंची लहान चाक आणि मागे नेहमीचं, अशा सायकली बनवल्या. पुढे काही कंपन्यांनी सर्वांत लहान मापात ७००सी पेक्षा लहान अशी ६५०बी चाकं दिली. पण टायर-ट्यूब सहज मिळत नाहीत, म्हणून बाजार पुन्हा ७००सी कडेच वळतो.

क्रँकच्या बाबतीत बातमी बरी आहे. २००१ मध्ये मार्टिन आणि स्पिर्दुसो या संशोधकांनी १२० पासून २२० मिलिमीटरपर्यंतचे क्रँक लावून बघितले. लांबी जवळपास दुप्पट झाली, तरी सर्वाधिक शक्तीत फरक पडला तो सुमारे ४ टक्क्यांचा. २०२४ ची तूर द फ्रान्स जिंकणारा तादेय पोगाचारही १६५ मिलिमीटरचा क्रँक वापरतो, आणि तो काही ठेंगणा नाही. त्यामुळे लहान फ्रेमवर १७० चा क्रँक आला असेल तर १६० किंवा १६५ मागून घ्यायला संकोच नको. गुडघा छातीशी येत नाही आणि बुटाला चाकापासून थोडी जागाही मिळते.

जुनी सायकल घेणाऱ्यांना तक्ता मिळत नाही, तेव्हा भिंत कामाला येते. सपाट फरशीवर सायकल सरळ उभी करून पुढचं चाक भिंतीला टेकवायचं. क्रँकच्या आसाच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचं आडवं अंतर मोजायचं, समजा ९२ सेंटिमीटर. मग हँडलखालच्या नळीच्या माथ्यापासून भिंतीपर्यंत, समजा ५४. वजाबाकी ३८, हा रीच. आता याच दोन ठिकाणांची फरशीपासूनची उंची घ्यायची, समजा २७ आणि ८२. वजाबाकी ५५, हा स्टॅक. जिच्यावर तुमचं अंग दुखत नाही अशी एखादी सायकल घरात किंवा मित्राकडे असेल, तर आधी तिची हीच दोन मापं काढा, आणि विकणारा 'अगदी ५४ आहे, तुम्हाला फिट' म्हणाला तरी मेजपट्टी खिशातून बाहेर काढा.