आवेदनपत्राचे रकाने आणि मराठी अक्षर

संगणकाच्या पडद्यावरील आवेदनपत्र हे वरवर पाहता कागदी अर्जाचेच रूपांतर वाटते. तथापि दोहोंत एक मूलभूत भेद आहे. कागदावरील रकाना अपुरा पडला, तर लिहिणारा समासात लिहितो व कारकून ते समजून घेतो. पडद्यावरील रकाना मात्र त्याला दिलेल्या गुणधर्मांपलीकडे काही जाणत नाही. हे गुणधर्म एचटीएमएल या प्रमाणभाषेने निश्चित केले आहेत. ‘नेम’ व ‘मॅक्सलेंग्थ’ हे १९९५ च्या दुसऱ्या आवृत्तीतच आढळतात. ‘डिसेबल्ड’ व ‘रीडओन्ली’ १९९७ च्या चौथ्या आवृत्तीत आले. ‘पॅटर्न’ व ‘प्लेसहोल्डर’ यांना २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत प्रमाणरूप लाभले.

प्रथम काही भेद ध्यानी घ्यावेत. ‘नेम’ हे रकान्यातील मजकूर ज्या नावाने पाठविला जातो ते नाव होय. ते नसल्यास मजकूर पाठविलाच जात नाही. ‘आयडी’ ही पृष्ठातील त्या रकान्याची एकमेव ओळख असून तिच्या आधारे ‘लेबल’ रकान्याशी जोडता येते व अंधांसाठीचा वाचक-कार्यक्रम ते उच्चारतो. ‘प्लेसहोल्डर’ लिहू लागताच लुप्त होतो, म्हणून तो लेबलाची जागा घेऊ शकत नाही. ‘रीडओन्ली’ रकान्याचा मजकूर पाठविला जातो, ‘डिसेबल्ड’ रकान्याचा नाही.

मराठीपुरता खरा प्रश्न यापुढे उद्भवतो. ‘मॅक्सलेंग्थ’ अक्षरे मोजत नाही, सांकेतिक एकके मोजतो. त्यात मात्रा, अनुस्वार व हलन्तचिन्ह ही स्वतंत्र धरली जातात. ‘शिरोळ’ या शब्दात आपल्या कानाला तीन अक्षरे असली, तरी एकके पाच आहेत. ‘कुरुंदवाड’ यात अक्षरे पाच, एकके नऊ. मर्यादा आठ ठेवल्यास टंकन ‘कुरुंदवा’ येथे थांबते आणि गावाचे नावच अपुरे राहते.

‘पॅटर्न’ची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. केवळ रोमन वर्ण मान्य करणारा नमुना देवनागरी नाव नाकारतो, हे उघड आहे. परंतु ‘कोणत्याही लिपीतील वर्ण’ असा उदार नमुनाही अपुरा ठरतो. कारण युनिकोडच्या वर्गीकरणात मात्रा ही वर्ण नसून चिन्ह आहे. म्हणून वर्ण व चिन्ह हे दोन्ही वर्ग आणि मधली मोकळी जागा मान्य करावी लागते. संयोगदर्शक अदृश्य चिन्ह वापरून लिहिलेल्या अर्ध्या ‘र’साठी त्या चिन्हालाही वाव द्यावा लागतो. त्याचप्रमाणे गट क्रमांकासाठी ‘नंबर’ हा प्रकार योजू नये. ‘१२३/२’ ही संख्या नव्हे, ती ओळख आहे. शिवाय हा प्रकार देवनागरी अंक स्वीकारीलच, असेही नाही.

या बाबी केवळ तांत्रिक नव्हेत. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळील शिरोळ तालुक्याने २०१९ चा महापूर अनुभवला आहे. अशा प्रसंगी मदतीसाठी अर्ज करणाऱ्याचे नाव सातबारावरील नावाशी जुळावे लागते. रकान्याने एक मात्रा नाकारली, तर दोष नाव लिहिणाऱ्याचा ठरतो; वस्तुतः तो रकाना घडविणाऱ्याचा असतो. म्हणून आवेदनपत्र प्रसृत करण्यापूर्वी त्या तालुक्यातील गावांची व माणसांची खरी नावे त्यात लिहून पाहणे, हा रचनाकाराचा पहिला नियम असावा.