जामनेरच्या घरात कूलर की एसी?

मे महिन्यात जामनेरला पारा 43 अंशांवर गेला, की हा प्रश्न पडतो. उत्तर वर्गातच काढा. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून पंख्यासमोर धरा. हवेत आर्द्रता 15 टक्के असेल, तर पारा 23 अंशांजवळ थांबेल. कूलरच्या हवेची ही खालची मर्यादा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 24 लाख ज्यूल उष्णता शोषली जाते. तेवढी उष्णता घराबाहेर फेकायला एसीच्या पंपाला साधारण पाव युनिट वीज लागते. म्हणून मेमध्ये मी कूलरच निवडीन, अर्थात खिडकी उघडी ठेवून आणि नळाला पाणी असेल तर! जुलैत मात्र 32 अंश व 75 टक्के आर्द्रता असताना ओला पारा 28 वरच अडतो. तेव्हा कूलर नुसता दमटपणा वाढवतो.