खेळ पुन्हा मिळेल, पण मुलाची प्रगती?

तंजावरचे दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) पंडित नेमून दूरदूरच्या पोथ्या मिळवत, त्यांच्या नकलाही करवून घेत. सरस्वती महाल ग्रंथालय त्यामुळेच समृद्ध झाले. छापील पुस्तक पुन्हा विकत आणता येते; हाताने लिहिलेली एकुलती एक पोथी गेली की गेलीच.

घरातल्या कॉम्प्युटर गेमचेही असेच आहे. काही नवे गेम शंभर जीबीहून अधिक जागा खातात, म्हणून ते बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवले जातात. अशी ड्राइव्ह शक्यतो एसएसडी घ्यावी. तबकडीची हार्ड डिस्क स्वस्त, पण संथ आणि धक्क्याला नाजूक.

ड्राइव्ह बदलायची असेल तर क्लोन करावा. यात निवडक फाइली नव्हे, सारी ड्राइव्ह जशीच्या तशी उतरते. नवी ड्राइव्ह निदान जुनीएवढी मोठी हवी. तिच्यावर आधीचे काही असेल तर ते पुसले जाते, म्हणून कोणती ड्राइव्ह कोणावर उतरवायची हे दोनदा पाहूनच बटण दाबा. उलट झाले तर रिकामी ड्राइव्ह भरलेलीवर चढेल! नंतर जुनी काढून नवीला तेच ड्राइव्ह-अक्षर द्या.

खरी गोम पुढेच आहे. खरेदी केलेला गेम बहुधा पुन्हा उतरवून घेता येतो, पण मुलाने महिनोन्‌महिने खेळून गाठलेली पातळी अनेकदा कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हवर साठलेली असते. बाहेरच्या ड्राइव्हचा क्लोन केला तरी ती त्यात येत नाही. ते फोल्डर शोधून वेगळे उतरवा आणि जुनी ड्राइव्ह पुसण्याआधी मुलालाच खेळ उघडून पाहू द्या.