अंतर्भागाच्या छायाचित्रांवरून जुन्या उपनगरी रेल्वे डब्यांची ओळख

अंतर्भागाच्या छायाचित्रांवरून जुन्या उपनगरी रेल्वे डब्यांची ओळख पटविणे ही रेल्वेच्या इतिहासलेखनात वापरली जाणारी एक पद्धत आहे. डब्याच्या आतून घेतलेल्या छायाचित्रातील छत, खिडक्या, दारे, आसने, दिवे व फलक यांचे निरीक्षण करून तो डबा कोणत्या प्रकारचा, कोणत्या रेल्वे कंपनीचा आणि साधारण कोणत्या काळात बांधलेला असावा, हे या पद्धतीने ठरविले जाते. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील, मुख्यतः न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया व शिकागो या महानगरांभोवती धावणाऱ्या उपनगरी गाड्यांच्या डब्यांचा विचार केला आहे.

डब्याच्या बाहेरून घेतलेल्या छायाचित्रात कंपनीचे नाव, डब्याचा क्रमांक व रंगसंगती दिसते, त्यामुळे ओळख सहसा सोपी असते. आतील छायाचित्रात यांपैकी काहीच नसते. दिसतात त्या आसनांच्या रांगा, वर्तमानपत्रात डोके घातलेले प्रवासी आणि खिडकीबाहेरचा पांढरा उजेड. त्यामुळे अशा चित्रांखालील ओळी अनेकदा केवळ अंदाजाने लिहिल्या जातात, आणि एकदा छापलेली चुकीची ओळ पुढे पुस्तकांतून, संग्रहांतून व संकेतस्थळांवरून जशीच्या तशी उतरत राहते. जुना डबा मूळ स्वरूपात आणू पाहणाऱ्या संग्रहालयाला अशी चूक महागात पडते. दुसऱ्याच डब्याची आसने व दिवे आपल्या डब्यात बसविले जाण्याचा धोका असतो.

दोन स्वतंत्र प्रश्न

छायाचित्र हाती आल्यावर दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: डबा कधी बांधला गेला, आणि चित्र कधी घेतले गेले. या दोहोंत पन्नास वर्षांचेही अंतर असू शकते. डिलावेअर, लॅकावाना अँड वेस्टर्न या कंपनीने न्यू जर्सीतील आपले उपनगरी मार्ग १९३० साली ३,००० व्होल्ट एकदिश प्रवाहावर विद्युतीकृत केले. ३ सप्टेंबर १९३० रोजी होबोकन येथून निघालेल्या पहिल्या विद्युत गाडीच्या चालकाच्या जागी काही वेळ स्वतः टॉमस एडिसन उभे होते. त्या वेळी पुलमन कंपनीने बांधलेले मोटार-डबे, वेताच्या विणीची आसने आणि उघडता येणाऱ्या खिडक्यांसह, १९८४ पर्यंत रोजच्या सेवेत होते. वेताची आसने दिसली म्हणजे चित्र जुन्या काळातील, असे मानणारा निरीक्षक येथे सहज फसतो.

यातून पद्धतीचा मुख्य नियम निघतो. डब्याच्या सांगाड्याचाच भाग असलेल्या गोष्टी, म्हणजे छताचा आकार, खिडक्यांची मांडणी, दारांच्या जागा आणि टोकाच्या भिंती, सहसा बदलत नाहीत; त्या डब्याचा प्रकार सांगतात. आसने, दिवे, पंखे, रंग, फलक व जाहिराती दुरुस्तीच्या वेळी बदलल्या जातात. त्या चित्राचा काळ सांगतात. निरीक्षणाची सुरुवात सांगाड्यापासून करावी. नवख्यांचे लक्ष आधी आसनांकडे जाते, आणि बहुतेक चुकांचे मूळ तेथेच असते.

छत

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या बहुतेक डब्यांत छताचा मधला पट्टा लांबीभर उचललेला असून त्याच्या दोन्ही बाजूंना लहान झरोक्यांची ओळ असे. या रचनेला क्लियरस्टोरी छत म्हणतात. आतून पाहताना छत दोन पायऱ्यांत वर गेलेले दिसते. वायुवीजन व उजेड हा तिचा हेतू होता. त्यानंतर कमानदार छताचा प्रसार झाला. ते बांधण्यास सोपे होते व गळतीही कमी होई. मात्र वातानुकूलनाच्या नळ्या बसविताना जुने छत आतून झाकून सपाट केलेले आढळते. म्हणून आतील छत सपाट असले तरी बाहेरील छत तसेच असेल, असे धरता येत नाही.

पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा ‘एम पी ५४’ हा प्रकार या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. नावातील पहिले अक्षर मोटारीचे, दुसरे प्रवासी डब्याचे आणि आकडा प्रवासी कक्षाच्या फुटांतील लांबीचा आहे. टोकांच्या जागा धरून डबा सुमारे ६४ फूट भरतो. न्यू यॉर्कमधील पेनसिल्व्हेनिया स्थानक १९१० साली सुरू झाले. तेथे पोहोचण्यासाठी नद्यांखालून लांब बोगदे खणावे लागले होते, आणि बोगद्यात आगीचे भय असल्याने लाकडी डबे चालणार नव्हते. पोलादी डब्यांच्या या घराण्याचा उदय त्या गरजेतून झाला. हेच डबे कंपनीच्या ताब्यातील लाँग आयलंड रेल्वेवर तिसऱ्या रुळातून मिळणाऱ्या एकदिश प्रवाहावर धावले, तर १९१५ पासून फिलाडेल्फिया ते पाओली या मार्गावर डोक्यावरील तारेतून ११,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह घेऊन धावले. आतून पाहणाऱ्याला यातील काहीच दिसत नाही. लाँग आयलंडच्या नंतरच्या तुकड्यांना कमानदार छत होते, हा त्यातल्या त्यात एक धागा हाती राहतो.

खिडक्या व टोकाच्या भिंती

‘एम पी ५४’ डब्यांच्या टोकाच्या भिंतीत दाराच्या दोन्ही बाजूंना गोल खिडक्या असत. डब्याच्या लांबीच्या दिशेने घेतलेल्या चित्रात आतले दार उघडे असेल तर पलीकडे ही गोल खिडकी दिसू शकते, आणि ती दिसली की शोध बराच आखडतो. पण तेवढ्यावर निर्णय देणे घाईचे ठरेल. कॅलिफोर्नियात सदर्न पॅसिफिक कंपनीच्या ओकलंड व बर्कली परिसरातील विद्युत गाड्यांच्या तोंडालाही मोठ्या गोल खिडक्या होत्या. ती सेवा १९४१ साली बंद पडली.

ईरी रेल्वेच्या न्यू जर्सीतील गाड्यांमध्ये अभियंता लुई स्टिलवेल यांच्या आराखड्याचे डबे होते. वरच्या बाजूला कमान असलेल्या खिडक्या ही त्यांची खूण. त्याच आराखड्याचे विद्युत डबे न्यू यॉर्क, वेस्टचेस्टर अँड बॉस्टन या १९१२ ते १९३७ एवढेच आयुष्य लाभलेल्या रेल्वेवर होते. खिडकीची कमान दिसल्यावर या दोन्ही रेल्वेंचा विचार करावा लागतो.

खिडकी उघडणारी आहे की बंद काचेची, हेही पाहावे. उचलण्याची कडी किंवा खाच नसलेली, एकसंध मोठी काच हे वातानुकूलित डब्याचे लक्षण होय. उलट छताला पंखे असतील तर चित्र घेतले त्या वेळी डबा वातानुकूलित नव्हता, असे बहुधा म्हणता येते.

दारे आणि पायऱ्या

अमेरिकेतील बहुतेक उपनगरी स्थानकांचे फलाट रुळांच्या पातळीला असत. त्यामुळे डब्याच्या टोकाला पायऱ्या आणि त्यांच्यावर झाकणासारखी उचलता येणारी लोखंडी फळी असे. उंच फलाट आला की ती फळी खाली टाकून पायऱ्या झाकल्या जात. चित्रात ही फळी, किंवा तिला भिंतीशी अडकवून ठेवणारी कडी दिसली तर डबा दोन्ही प्रकारच्या फलाटांसाठी होता हे निश्चित होते.

बड कंपनीने १९६८ पासून लाँग आयलंड रेल्वेला पुरविलेल्या ‘एम १’ डब्यांना पायऱ्याच नाहीत. ८५ फूट लांबीच्या या डब्यांची दारे टोकांना नसून प्रत्येक बाजूला, टोकापासून सुमारे पाव लांबीवर आहेत. त्यामुळे आसनांच्या रांगा मध्येच तुटून दारासमोर उभे राहण्याची मोकळी जागा दिसते. जवळजवळ तसेच डबे पुढे हडसन व हार्लेम मार्गांसाठीही घेतले गेले. या दोहोंतील भेद केवळ अंतर्भागावरून करणे अवघड आहे. अशा वेळी मार्गाचा नकाशा किंवा जाहिरात हाच आधार उरतो.

दुमजली डबे

दुमजली डबे सर्वांत लवकर ओळखू येतात. शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी रेल्वेने १९५० साली बड कंपनीकडून घेतलेल्या सज्जाच्या डब्यांत वरच्या मजल्याची जमीन सलग नाही. दोन्ही भिंतींलगत सज्जे असून त्यांत एकेक आसनाची रांग आहे, आणि मध्यभाग छतापर्यंत मोकळा आहे. तिकीट तपासनिसाला खालच्या मार्गिकेतूनच वरच्या प्रवाशांची तिकिटे तपासता यावीत, हा त्यामागील हेतू. दारे डब्याच्या मध्यभागी आहेत. शिकागोतील इतर रेल्वे कंपन्यांनी व सॅन फ्रान्सिस्कोतील सदर्न पॅसिफिकने हीच कल्पना पुलमन-स्टँडर्ड, सेंट लुई आदी कारखान्यांकडून करून घेतली. म्हणून सज्जा दिसला की प्रकार कळतो, पण कंपनी कळत नाही. इलिनॉय सेंट्रलचे १९७१ पासूनचे सज्जाचे डबे तर स्वतःच्या विद्युत मोटारींवर चालणारे होते, हे प्रवासी कक्षाच्या चित्रातून कळणे कठीण.

लाँग आयलंड रेल्वेचे दुमजली डबे अगदी निराळे होते. पहिला नमुना १९३२ चा असून बहुतेक डबे दुसऱ्या महायुद्धानंतरचे आहेत. त्यांत मार्गिका एकच, मधल्या उंचीवर. तिच्यापासून दोन पायऱ्या खाली आणि दोन-तीन पायऱ्या वर, आळीपाळीने, समोरासमोर आसनांचे कोनाडे. चित्र पाहताना प्रवाशांची डोकी दोन वेगवेगळ्या उंचींवर, पण एकाच भिंतीलगत दिसतात. अशी मांडणी अमेरिकेच्या उपनगरी रेल्वेत अन्यत्र रुजली नाही. त्यामुळे ही खूण पुरेशी निर्णायक मानता येते.

आसने

मुंबईच्या लोकलमध्ये समोरासमोर पक्की बसविलेली बाके पाहण्याची सवय असलेल्या वाचकाला अमेरिकेतील जुन्या डब्यांतील सर्व आसने एकाच दिशेला तोंड करून असलेली पाहून नवल वाटेल. या आसनांची पाठ बिजागरीवर उलटविता येत असे. गाडी शेवटच्या स्थानकात पोहोचली की पाठी एका बाजूकडून दुसरीकडे ढकलायच्या, म्हणजे परतीच्या प्रवासातही सर्वांचे तोंड पुढे राही. मार्गिकेच्या बाजूला पाठीच्या कोपऱ्यावर धातूची मूठ असते. ती उभ्या प्रवाशाला आधार म्हणूनही उपयोगी पडे. लांब पल्ल्याच्या डब्यांतील मागे कलणारी, पाय टेकण्याची सोय असलेली, विरळ मांडलेली आसने आणि ही दाट रांग यांतील फरक लगेच ध्यानात येतो.

सुरुवातीस वेताची वीण किंवा मखमल, पुढे कृत्रिम चामडे असा आच्छादनाचा सर्वसाधारण क्रम आहे. मार्गिकेच्या एका बाजूला तीन व दुसऱ्या बाजूला दोन अशी आसने युद्धोत्तर काळात वाढली. न्यू हेवन रेल्वेच्या १९५४ च्या वातानुकूलित डब्यांत ती मुळातच होती. परंतु जुन्या डब्यांतही दोन-दोनची आसने काढून तीन-दोनची बसविली गेली. म्हणून आसनांचा पुरावा नेहमी दुय्यम समजावा.

दिवे, फलक व जाहिराती

चित्राच्या काळाची एक बाजू या गोष्टींवरून बांधता येते. नळीदिवे बाजारात आले ते १९३८ साली. ते दिसत असतील तर चित्र त्याआधीचे असू शकत नाही. साधे विजेचे दिवे दिसले तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

फलकावरील कंपनीचे नाव अधिक बोलके असते. ईरी लॅकावाना हे नाव १९६० च्या विलीनीकरणानंतरचे, पेन सेंट्रल १ फेब्रुवारी १९६८ नंतरचे, कॉनरेल १ एप्रिल १९७६ नंतरचे. मात्र विलीनीकरणानंतरही जुने फलक वर्षानुवर्षे भिंतीवर राहत. म्हणजे नवे नाव चित्राचा काळ पुढे ढकलते, परंतु जुने नाव त्याला मागे खेचू शकत नाही.

खिडक्यांवरील जाहिराती भिंगाखाली वाचाव्यात. पत्त्यात पाच आकडी झिप क्रमांक असेल तर चित्र १ जुलै १९६३ नंतरचे. दूरध्वनी क्रमांकाच्या आरंभी अक्षरे असतील तर ते बहुधा १९६० च्या दशकाच्या आतले किंवा त्याच्या आसपासचे. समजा एखाद्या चित्रात वेताची आसने, साधे दिवे, टोकाला पायऱ्यांची फळी आणि झिप क्रमांकाची जाहिरात असे सारे एकत्र दिसते. यांत विसंगती नाही. लॅकावानाचा जुना डबा उत्तर आयुष्यात टिपलेला असणे शक्य आहे. मग खिडक्या व टोकाची भिंत यांवरून तो खरोखर त्याच मार्गाचा आहे का, हे पाहायचे. येथेही सावध राहावे लागते, कारण लॅकावानाच्या मोटार-डब्यांना जोडलेले अनेक डबे त्याआधीच्या वाफेच्या गाड्यांचे, फेरबदल करून घेतलेले होते. एकाच गाडीतील दोन डब्यांचे अंतर्भाग त्यामुळे सारखे नसत.

फसवी चित्रे

काचेची किंवा फिल्मची प्रतिमा उलटी छापली गेली तर डावे-उजवे बदलते. तीन-दोन आसनांच्या डब्यात यामुळे मोठा घोटाळा होतो. म्हणून प्रथम चित्रातील एखादे अक्षर सुलट वाचता येते का, ते पाहावे. अक्षर नसेल तर पुरुषांच्या कोटाची बटणे उपयोगी पडतात, कारण पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते.

कारखान्याने डबा सोपविताना काढलेली छायाचित्रे वेगळी ठेवावीत. त्यांत प्रवासी नसतात, जाहिरातींच्या चौकटी रिकाम्या असतात, पडदे एकाच उंचीवर असतात. अशा चित्रात डब्याचा व चित्राचा काळ एकच असल्यामुळे ती तुलनेसाठी प्रमाण मानता येतात; पुलमन कंपनीच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकी इतिहास संग्रहालयात आहे. याच्या उलट टोकाला पर्यटन गाड्यांवरील चित्रे येतात. लॅकावानाचे बरेच डबे निवृत्तीनंतर अशा गाड्यांवर गेले व तेथे त्यांची आसने, दिवे, रंग मालकाच्या आवडीनुसार बदलले. रंगीत पारदर्शिकेच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर छापलेला महिना व वर्ष फिल्म धुतल्याचा असतो, चित्र घेतल्याचा नव्हे. हौशी छायाचित्रकाराची फिल्म कॅमेऱ्यात कित्येक महिने पडून राहिलेली असू शकते.