खेळातला लिंबूटिंबू

लपाछपी किंवा डबा ऐसपैस खेळताना धाकट्या भावंडाला 'लिंबूटिंबू' म्हणून खेळात घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. तो लपतो, पळतो, सगळ्यांत मोठ्याने ओरडतो. मात्र तो सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. मोठ्यांच्या दृष्टीने ही प्रेमळ सोय असते, पण आपल्या असण्यानसण्याने खेळात काहीच फरक पडत नाही हे ज्या दिवशी त्याला कळते, त्या दिवशी तो रुसून घरी जातो. हेच दुःख प्रौढ माणसांच्या एका खेळात ठळकपणे दिसते आणि युरोपातले खेळकर्ते त्यावर गंभीरपणे विचार करत आले आहेत.

त्या खेळाचे नाव 'लार्प', म्हणजे लाइव्ह ॲक्शन रोलप्लेइंग. प्रत्येकाला एक पात्र मिळते, पोशाख चढतो आणि काही तास किंवा काही दिवस माणूस त्या पात्राचे आयुष्य जगतो. पाठ केलेले संवाद नसतात आणि प्रेक्षकही नसतात. इंग्लंडमध्ये चेशायर परगण्यातल्या पेकफर्टन किल्ल्यात १९८२ साली सुरू झालेला 'ट्रेझर ट्रॅप' हा या प्रकारातल्या आरंभीच्या खेळांपैकी एक. पुढे नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड या देशांत त्याला वैचारिक बैठक मिळाली. १९९७ साली ऑस्लोत भरलेली 'क्नुटेपुंक्त' ही परिषद तेव्हापासून या चार देशांत आळीपाळीने भरत आली आहे.

आता एका खेळाची कल्पना करू. किल्ल्यात राजदरबार आहे, ऐंशी खेळाडू आहेत. संयोजकांनी कथेची किल्ली असलेले पत्र राजाच्या हाती दिले. राजाने प्रधान आणि सेनापतीला बोलावून दार लावून घेतले. आत युद्ध की तह यावर खल चालला आहे. बाहेर भाला घेतलेला पहारेकरी उभा आहे. त्यानेही तितकीच वर्गणी भरली आहे, पोशाख शिवून घेतला आहे. नाटकातल्या भालदार-चोपदाराला निदान राजाचे बोलणे ऐकू येते, समोरच्या प्रेक्षकांना तो दिसतो. या पहारेकऱ्याला दारापलीकडचे काही कळत नाही आणि त्याच्याकडे पाहणारेही कोणी नसते. त्याने भूमिका जितकी चोख वठवावी, तितका तो घटनांपासून दूर राहतो. कारण चांगला पहारेकरी दार सोडून जात नाही.

'खेळच तर आहे, एवढे काय मनाला लावून घ्यायचे?' असे कोणी म्हणेल. त्यावर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांचे संशोधन बोलके आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात माणूस संगणकाच्या पडद्यावर दोन अनोळखी खेळाडूंबरोबर फेकाझेलीचा खेळ खेळे. काहींच्या वाट्याला सुरुवातीनंतर फेक येणेच बंद होई. एवढ्याशा गोष्टीने आपलेपणाची भावना, स्वतःबद्दलचा आदर, परिस्थिती आपल्या हाती असल्याची जाणीव आणि आपल्या अस्तित्वाला अर्थ आहे हा विश्वास खालावला. २००४ च्या अभ्यासात तर समोर माणसे नसून संगणकच खेळतो आहे हे आधी सांगूनही परिणाम टिकला. म्हणजे वगळले जाण्याची कळ तर्काने शमत नाही.

मग दोष कोणाचा? बहुधा बाजूला पडलेला खेळाडू स्वतःलाच बोल लावतो: 'मीच बुजरा, मला मिसळता येत नाही.' १९९९ साली आयरिक फातलांद आणि लार्स विंगॉर्ड या नॉर्वेच्या दोघांनी मांडलेल्या 'डोग्मा ९९' या जाहीरनाम्यातून वेगळे उत्तर निघते. चित्रपटातल्या 'डोग्मा ९५' चळवळीचा आदर्श समोर ठेवून त्यांनी कडक नियम घातले. खेळाला एकच मुख्य कथानक नसावे. कोणतेही पात्र केवळ दुसऱ्याच्या साहाय्यासाठी नसावे. गुपिते ठेवू नयेत. या नियमांचा रोख खेळाडूच्या स्वभावावर नाही, खेळाच्या रचनेवर आहे. माहिती आणि निर्णय एकाच खोलीत कोंडले, तर बाहेरचे सगळे आपोआप लिंबूटिंबू होतात. गुपित नीट राखले गेले, तर ते इतरांच्या खेण्याला कधी उपयोगीच पडत नाही.

रचनेइतकीच जबाबदारी खेळाडूंचीही आहे. मार्कुस मोंतोला, याक्को स्टेनरोस आणि एलिनॉर साइटा यांनी २०१५ साली 'स्टिअरिंग', म्हणजे सुकाणू धरणे, ही कल्पना सविस्तर मांडली. पात्राच्या आत राहूनही खेळाडू खेळाच्या भल्यासाठी त्याला थोडे वळवत असतो. राजाने दार उघडून पहारेकऱ्याला विचारावे, 'तुझा भाऊ सीमेवर आहे ना? तू सांग, लढावे का?' राजाला त्यासाठी काहीच गमवावे लागत नाही, पहारेकऱ्याला मात्र पूर्ण खेळ मिळतो.

प्रत्येकाला मध्यभागी उभे राहायचे असते असेही नाही. कोणाला स्वयंपाकघरात बसून दरबाराच्या कुचाळक्या करण्यातच रस असतो आणि तो खेळही भरगच्च होऊ शकतो. शिवाय लार्प कोणालाच संपूर्ण दिसत नाही. राजालाही तळघरातला कट ठाऊक नसतो. पण खेळ संपल्यावर गप्पांत लढाई आणि राज्याभिषेकच पुन्हा पुन्हा रंगवून सांगितले जातात. स्वयंपाकघरातली संध्याकाळ कोणी विचारत नाही. त्यामुळे खेळताना सुखात असलेल्यालाही मागाहून वाटू लागते की खरे काही घडले ते आपण नव्हतो तिथेच. वगळले जाणे असे सांगण्यातूनही घडते.

म्हणून 'त्यालाही घ्या रे खेळायला' एवढे म्हणून भागत नाही. घेतलेला तर तो असतोच. त्याच्या हातून काहीतरी घडले पाहिजे, बिघडलेही पाहिजे आणि ते इतरांना निस्तरावे लागले पाहिजे. लिंबूटिंबूला खेळातून जे हवे असते ते हेच: कधीतरी त्याच्यावरही राज्य यावे.